सहा सिमचं घर: एका शेतकरी कुटुंबाच्या फोनखर्चाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला असलेल्या एका गावातलं हे कुटुंब. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, त्यांना मी ज्या नात्यानं हाक मारतो तीच इथे वापरतो. काकाजी अठ्ठावन्न वर्षांचे. घरात काकू, ऐंशीच्या घरातली आजी, धाकटा मुलगा, थोरली सून आणि तिचं लहान लेकरू. थोरला २०२३ पासून दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. मुलगी पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात दिलेली. वावर नऊ एकर, त्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी असेल त्या साली थोडा हरभरा.

मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवतो, त्यालाच लागून रिचार्जचं काम. रिचार्जवर मला कमिशन मिळतं, हे आधीच सांगून ठेवतो. लोकांनी महिन्याला एकदा दुकानात यावं हे माझ्या फायद्याचंच आहे, आणि पुढे जे लिहिलंय ते त्या फायद्याच्या उलट जातं.

काकाजींच्या पिढीला लांबचा फोन म्हणजे काय खर्च असतो ते पक्कं ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात त्यांचे भाऊ पुण्याला होते. फोन करायचा तर पांढरकवड्याला येऊन एसटीडी-पीसीओच्या बूथसमोर रांगेत उभं राहायचं. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून रांगही त्याच वेळेला मोठी. मीटरचे लाल आकडे पळत असायचे आणि पाठीमागचा माणूस खाकरत असायचा. पुढे १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया असा ‘वन इंडिया’ दर आणला, तेव्हा पुणे आणि दिल्ली एकाच भावात आले. मोबाइल हातात आल्यावर वेगळीच भानगड सुरू झाली. नदीकडच्या धुऱ्यावर उभं राहिलं की फोन पलीकडच्या राज्याचं टावर धरायचा आणि आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे कटायचे. काकाजींनी त्या काळात फोन आला की घराकडे चालत येऊन उलटा फोन लावायची सवय लावून घेतली होती. आजही ते फोनवर कामापुरतं बोलतात, "बरं हाय ना? ठेवतो" म्हणतात आणि ठेवतात.

असा माणूस २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्याकडे आला तो फोनच्या खर्चानं वैतागून.

अडचण

"बोलनं तं फुकट हाय म्हन्ते, मंग पैसे कायचे कटते?" हा त्यांचा प्रश्न होता. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या एका प्रश्नामुळे.

बोलणं खरंच फुकट झालंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्यानंतर मिनिटाचा हिशेब जवळजवळ संपला. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की आपसात जे पैसे द्यावे लागत, तेही १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. पण २०१८ संपता संपता दुसरी गोष्ट घडली होती. आधी ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेल्या सिमवर फोन येत राहायचे, मग रिचार्ज करा की नका करू. कंपन्यांनी ते बंद केलं. पॅक नाही तर आलेला फोनही वाजणार नाही. म्हणजे पैसे बोलण्याचे न राहता नंबर चालू ठेवण्याचे झाले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा नंबर चालू ठेवण्याचा सगळ्यात स्वस्त पॅक १९९ किंवा १८९ रुपयांवर गेला, आणि तोही अठ्ठावीस दिवसांचा.

अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे, हे बऱ्याच घरांत लक्षात येत नाही. वर्षात असे तेरा पॅक बसतात. काकाजींनाही वाटत होतं आपण बारा वेळा भरतो.

आम्ही वहीच्या पानावर घरातली सिमं मांडली. ती सहा निघाली. काकाजींच्या बटनाच्या फोनमधलं जुनं सिम, १९९ वालं. हाच नंबर बँकेला, आधारला आणि पीएम-किसानला जोडलेला. दुसरं त्यांच्याच नावावरचं, विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये (फोन लावून मोटर सुरू करायच्या डब्यात) टाकलेलं, तेही १९९. आजीच्या जुन्या हँडसेटमधलं तिसरं, १९९. काकूंकडे मुलीनं टाकून दिलेला टचस्क्रीन फोन, त्यात १८९ चा पॅक, नेट एकदाही न वापरलेलं. धाकटा आणि सून यांचे रोज दीड जीबीचे, २९९ चे दोन. आणि यावर दुबईला लागणारा फोन. तो काकाजींच्या नंबरवरून आयएसडीनं लागायचा, महिन्याला साधारण तीनशे रुपये त्यात जायचे.

बेरीज अशी झाली. १९९ वाली तीन सिमं तेरा वेळा, ७,७६१ रुपये. काकूंचे २,४५७. धाकटा आणि सून मिळून ७,७७४. दुबईचे ३,६००. वर्षाचे एकूण २१,५९२ रुपये.

काकाजी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्माननिधीचे ६,००० असे मिळून १२,००० खात्यात येतात. फोनवर त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त जात होते, आणि ते कधी एकगठ्ठा दिसले नव्हते. दोनशे-दोनशेंनी गेलेला पैसा घरात कुणी मोजत नाही.

मोजायचं काय?

घरात पहिला उपाय निघाला तो जुन्या सवयीचाच: सगळ्यांनी कमी बोलायचं, मिस कॉल द्यायचा. यातून एक रुपयाही वाचणार नव्हता, कारण बोलण्याला दर नव्हताच. धाकट्याचं म्हणणं उलट टोकाचं होतं. २९९ च्या पॅकमध्ये सगळं आहे, मग आई-आजीची सिमं कशाला, सगळ्यांनी माझ्या फोनवरून बोला. पण धाकटा दिवसभर वावरात किंवा पांढरकवड्याला. घरात बाया आणि फोन बाहेर, ही व्यवस्था दोन दिवससुद्धा टिकली नसती.

इथे मी एकच गोष्ट सुचवली. प्रत्येक नंबरापुढे तीन गोष्टी लिहा. या नंबरावर फोन येतो का, यावर ओटीपी येतो का, आणि यावर नेट लागतं का? मग किंमत पाहू. दुकानात माणूस आला की म्हणतो "नेहमीचा मार", आणि मी नेहमीचा मारतो. त्याला कोणतं काम त्या सिमवर होतं हे ना तो सांगतो ना मी विचारतो.

उत्तरं मजेशीर आली. सहा नंबरांपैकी नेट फक्त दोघांना लागत होतं. ओटीपी येणारे नंबर तीन होते: काकाजींचा, आजीचा आणि, कुणाच्या डोक्यात नसलेला, स्टार्टरमधला. पूर्वी तो काकाजींच्या फोनमध्ये असताना गॅसच्या कनेक्शनला दिलेला होता. सिलेंडर पोचल्याचा कोड विहिरीवरच्या डब्यात जाऊन पडत असणार.

काकाजींची एक शंका मात्र रास्त होती. नेट नसलेला पॅक घेतला तर पीएम-किसानचं कसं होणार? ओटीपी हा साधा मेसेज आहे, त्याला नेट लागत नाही. हे समजावून सांगायला वेळ गेला, पण याच गैरसमजावर नेटवाले पॅक बटनाच्या फोनमध्ये जाऊन बसतात.

पर्याय

नोव्हेंबरात पर्याय थोडेच होते. सिम बंद करणं, कंपनी बदलणं किंवा लांब मुदतीचा पॅक घेणं. मग २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकानं, नियमात दुरुस्ती केली. कंपन्यांनी नेटशिवायचा, फक्त बोलणं आणि मेसेजचा पॅक द्यायलाच हवा, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पॅक आले. एअरटेलचा ४६९ रुपयांत ८४ दिवस आणि १,८४९ रुपयांत ३६५ दिवस, जिओचा ४४८ मध्ये ८४ दिवस आणि १,७४८ मध्ये ३३६ दिवस. दर पुढे बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा पद्धत पाहा: पॅकच्या किमतीला दिवसांनी भागायचं. १९९ चा अठ्ठावीस दिवसांचा पॅक रोज ७ रुपये ११ पैशांना पडतो. ४६९ वाला ५ रुपये ५८ पैशांना. १,८४९ वाला ५ रुपये ७ पैशांना.

वीस रुपयांचा नियमही चर्चेत आला. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपये बॅलन्स असला, तर कंपनी वीस रुपये कापून नंबर आणखी तीस दिवस राखते. धाकट्यानं हे कुठेतरी ऐकलं होतं आणि सगळी जादा सिमं अशीच ठेवावी असं त्याचं मत होतं. पण नंबर राखला जाणं वेगळं आणि त्यावर फोन लागणं वेगळं. पॅक नसलेल्या सिमचा नंबर तुमच्या नावावर राहील, घंटी वाजेलच असं नाही. स्टार्टरसाठी तर हा पर्याय कुचकामीच.

स्टार्टरचं सिम

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन आलटून-पालटून येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोबाइल स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या पेटीतला एक डबा. त्यात सिम असतं. घरून त्यावर फोन लावला की मोटर सुरू होते. टिपेश्वरच्या बाजूच्या गावांत रात्री वावरात जाणं म्हणजे काय, हे वाघाच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्यामुळे या सिमवर काटछाट करताना "हे तर नुसतं मोटरचं" असं म्हणून चालणार नव्हतं. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाकीचं काई बी बंद करा, थ्या मोटरचं नोका करू."

अडचण अशी की काकाजींचा डबा टूजीवर चालणारा. जिओकडे टूजी नाही, म्हणजे त्यांचे पॅक इथे बादच. उरलेल्या खासगी कंपन्यांत नंबर चालू ठेवायचा तर तेच १९९, नाहीतर वर्षाचे १,८४९. बीएसएनएलचा १,१९८ रुपयांचा वर्षाचा पॅक होता, महिन्याला तीनशे मिनिटं आणि तीस मेसेज. स्टार्टरला तेवढं भरपूर. प्रश्न रेंजचा होता. गावात रेंज असणं आणि विहिरीच्या पेटीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून शेजारच्याचं त्याच कंपनीचं सिम मागून आणलं, पेटीत टाकलं आणि सकाळ, दुपार, रात्र असं दोन-तीन दिवस मोटर चालू-बंद करून पाहिली. मगच नवं सिम घेतलं. नंबर पोर्ट करायची गरज नव्हती, कारण तो नंबर लावणारे एकटे काकाजीच. नव्या सिमवर त्यांचा नंबर पुन्हा नोंदवावा लागला, तेवढंच. जुनं सिम सोडायच्या आधी गॅसच्या कनेक्शनला काकूंचा नंबर दिला.

आजीचा नंबर

सगळ्यात जास्त खल झाला तो इथे. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. तिचा नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला. फोन तिला ऐकू येत नाही, उचलता येत नाही. हिशेबानं पाहिलं तर हे सिम सगळ्यात आधी जायला हवं होतं: बँकेत आणि आधारला काकाजींचा नंबर द्यायचा, विषय संपला.

काकाजींनी तसं ठरवलंही. आजीनं बाजेवरूनच विचारलं, "माह्या पैशाचा मेसेज तुह्या फोनात काहून?"

घरात शांतता झाली. ती चिडली नव्हती, पण तिचा मुद्दा बरोबर होता. त्या दीड हजारावर तिचा एकटीचा हक्क, आणि पैसे आल्याची खबर आधी मुलाला कळणार. मेसेज तिला वाचता येत नव्हता हे खरं, पण तो तिच्या उशाशी यायचा आणि ती लेकराकडून वाचून घ्यायची. फोन काढून घेणं सोपं होतं, तिला त्यातून बाहेर काढणं वेगळं.

मार्ग तिनंच सांगितला. नातसुनेच्या फोनात येऊ दे. काकाजींना हे थोडं लागलं, पण बोलले नाहीत. एकच मोबाइल नंबर घरातल्या एकापेक्षा जास्त आधारांना देता येतो. सून तिला घेऊन तालुक्याला आली, आधार केंद्रावर पन्नास रुपये भरून नंबर बदलला, त्याच फेरीत बँकेत अर्ज दिला. बँकेचा मेसेज नव्या नंबरावर येईपर्यंत जुनं सिम चालू ठेवलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. माझ्याकडे येणारी निम्मी भानगड उलट्या क्रमाची असते, आधी सिम मरतं आणि मग बँक आठवते. बंद झालेला नंबर कंपनी किमान नव्वद दिवस दुसऱ्याला देत नाही, पण त्यानंतर देऊ शकते, आणि मग तुमच्या खात्याचे मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतात.

दुबईचा फोन

खरा लांबचा फोन हाच होता. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, रेकॉर्ड केलेला आवाज जातो, पण कॉल लागत नाही, तिथल्या नियमानं तो अडवलेला आहे. म्हणून घरची मंडळी आयएसडी लावत होती. थोरल्याच्या खोलीवरचे सोबती व्हीपीएन (नेटवरचा आपला पत्ता लपवणारं अ‍ॅप) टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचे आणि त्यालाही तेच सांगत होते. फुकटचा मार्ग होता, मोह पडण्यासारखा.

सूनबाईनं हा मार्ग नको म्हटलं. मी तिला तिथला कायदा दाखवला. २०२१ च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता फसवण्याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. खोलीवर बोलणाऱ्या प्रत्येकाला पकडतात असं नाही, पण नोकरीचा व्हिसा ज्याच्या हातात त्यानं त्या वाटेला का जावं? तिथल्या दूरसंचार नियामकानं परवानगी दिलेल्या अ‍ॅपमध्ये बोटिम आणि झूम दोन्ही आहेत. बोटिम नवरा-बायको दोघांच्या फोनमध्ये टाकलं. रविवारी सगळ्यांनी एकत्र बोलायचं असेल तेव्हा झूम, त्यात आदिलाबादची मुलगीही येते. फुकटच्या झूममध्ये चाळीस मिनिटं झाली की कटतं. काकाजींच्या मते तेवढं उलट जास्तच होतं.

आजीचं गणित या कशातच बसेना. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. पोरगा कामावरून येऊन जेवून मोकळा होतो तेव्हा आपल्याकडे अकरा वाजलेले असतात, आजी आठला झोपते. तिच्यासाठी रेकॉर्ड केलेला आवाज चालला. सून संध्याकाळी तिचं बोलणं भरून पाठवते, त्याचं उत्तर सकाळी चहासोबत ऐकवते. मिनिटभराच्या आवाजाला एक एमबीही लागत नाही, सुनेच्या पॅकला त्याचा पत्ताही नसतो.

यात एक फायदा कुणी हिशेबात धरला नव्हता. आधी आयएसडी काकाजींच्या फोनवरून, अंगणात, सगळ्यांसमोर, आणि मिनिटामागे बॅलन्स उडत असताना व्हायचा. सुनेच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं यायची. आता ती आपल्या खोलीत आपल्या फोनवर नवऱ्याशी बोलते. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातलं मोठं काम हे झालं, पैशाचं त्याच्यानंतर.

काय केलं

काकाजींच्या मुख्य नंबरावर १,८४९ चा नेटशिवायचा वर्षाचा पॅक मारला. स्टार्टरला १,१९८. काकूंना जिओभारतचा बटनाचा फोन घेतला, हजार रुपयांचा. त्यावरच चालणारा १,२३४ चा ३३६ दिवसांचा पॅक आहे, दिवसाला ३ रुपये ६७ पैसे. तो पॅक दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही, म्हणून हँडसेट मोडला तर काय, हा प्रश्न मी विचारला होता. काकूंना टचस्क्रीनचा इतका कंटाळा आला होता की त्यांनी तो प्रश्न ऐकलाच नाही. आजीचं सिम बंद. धाकटा आणि सून ८४ दिवसांच्या ७९९ वर गेले, रोज १० रुपये ६८ पैशांचे ९ रुपये ५१ पैसे झाले. दोघांनी मिळून एकाच्याच नेटवर भागवायचं हे धाकट्यानं साफ नाकारलं, आणि चोवीस वर्षांच्या पोराकडून ती अपेक्षाही नव्हती.

निर्णयाची खरी जागा पुढे होती. वर्षाचे तीन पॅक एकदम म्हणजे ४,२८१ रुपये, वर हँडसेटचे हजार. सप्टेंबरात हे जमलंच नसतं. तेव्हा घरात फवारणीच्या औषधाची उधारी असते. योगायोगानं नवे पॅक जानेवारीच्या शेवटी आले आणि काकाजींचा कापूस तेव्हाच विकला गेला होता. मला इथे एक गोष्ट खटकते. दिवसाला पाच रुपयांचा दर त्यालाच मिळतो ज्याच्या हातात एकदम दोन हजार असतात. ज्याच्या हातात दोनशेच आहेत तो त्याच नंबरासाठी सात रुपये मोजतो. मजुरीवर जाणाऱ्या घरांना मी हे प्रकरण सांगतो तेव्हा ते ८४ दिवसांपर्यंत येतात, त्यापुढे नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

परिणाम

वर्षावर पसरून मांडलं तर नवा खर्च असा: काकाजींचे १,८४९, स्टार्टरचे १,१९८, काकूंचे १,३४० च्या आसपास, धाकटा आणि सून मिळून ६,९४४, आणि अडीअडचणीच्या आयएसडीला धरलेले ५००. एकूण ११,८३१. म्हणजे वर्षाला ९,७६१ रुपये कमी. पहिल्या वर्षी त्यातून हँडसेट, आधार आणि तालुक्याच्या फेऱ्या वजा केल्या तरी साडेआठ हजारांजवळ उरले. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता, त्या भावानं क्विंटलभराहून जास्त कापूस.

या बचतीतला मोठा वाटा कशातून आला ते पाहण्यासारखं आहे. आयएसडीतून ३,१०० आणि आजीच्या सिममधून २,५८७, म्हणजे निम्म्याहून अधिक या दोनच ठिकाणांहून. कंपन्यांचे पॅक एकमेकांशी ताडून पाहण्यात आमचा वेळ जास्त गेला, आणि बचत मात्र नंबर कमी होण्यात व दुबईचा फोन वळवण्यात होती.

कुरकुरही झाली. काकाजींच्या फोनवर कुणी फोटो पाठवला की तो दिसत नाही, अशी तक्रार त्यांनी दोनदा केली. त्यांचा फोन बटनाचा आहे, तो आधीही दिसत नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

काकूंचा पॅक ३३६ दिवसांचा आहे, म्हणजे त्याची तारीख दरवर्षी जवळपास महिनाभर अलीकडे सरकते. पहिल्या वर्षी कापूस विकल्यावर भरला. काही वर्षांत ती तारीख वेचणीच्या आधी, हात सगळ्यात रिकामा असताना, येऊन उभी राहील. ३६५ दिवसांचा महागडा पॅक त्या अर्थानं सोयीचा ठरला असता का, याचा विचार घ्यायच्या वेळी झाला नाही.

आजीला पहिल्याच दिवशी चर्चेत बसवायला हवं होतं. तिचा नंबर हा सगळ्यांनी आपसात ठरवायचा विषय धरला गेला आणि तिनं विचारलं नसतं तर तसाच निकालात निघाला असता.

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट थोरल्याची. आपल्या नावावर किती सिमं आहेत ते सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येतं, तसं आम्ही काकाजींच्या नावावर पाहिलं. दोनच निघाली, सगळे निश्चिंत झाले. पण तिथे ज्याच्या नंबरानं आत जाल त्याच्याच नावावरची सिमं दिसतात. थोरल्याचं गावातलं जुनं सिम त्याच्या स्वतःच्या नावावर होतं. दुबईला जाताना तो ते लोखंडी कपाटात ठेवून गेला होता, आणि त्याच्या इथल्या बँक खात्याला तोच नंबर होता. घरातले फोन मोजले, माणसं मोजली नाहीत. मार्चमध्ये त्याला खात्यातून पैसे फिरवायचे होते तेव्हा ते आठवलं. सिम काढून काकाजींच्या फोनमध्ये टाकलं तर नेटवर्कच धरेना, नंबर कधीच बंद झालेला.

बँकेला ईमेल करून त्यानं खात्यावरची ऑनलाइन सोय तूर्त थांबवून घेतली आहे. नंबर बदलायला त्याला सुट्टीत आल्यावर शाखेत जावं लागेल. तोवर घरी पैसे येतात ते सुनेच्या खात्यात. या वेळी तिचा नंबर कुठे कुठे जोडलाय, याची यादी तिनं स्वतःच वहीत लिहून ठेवली आहे, आणि त्यात आजीचं खातं सगळ्यात वर आहे.